परिवर्ती प्रवाह

परिवर्ती प्रवाह : ज्या प्रवाहातील पाण्याचे प्रमाण, वेग व पातळी सतत बदलत राहते, तो प्रवाह.

उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत प्रवाहांच्या या बदलामागे मोसमी पाऊस आणि वीजनिर्मिती ही दोन कारणे आहेत. घाटातून उतरणारे ओढे पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. बहुतेक उन्हाळ्यात आटतात. पाताळगंगा व पेज या नद्यांना मात्र टाटांच्या जलविद्युत केंद्रांचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) मिळते. खोपोली केंद्र १९१५ मध्ये, तर भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. खोपोलीला लोणावळा, वळवण व शिरवटा येथील, तर भिवपुरीला ठोकरवाडी धरणाचे पाणी पुरवले जाते. भीमा खोऱ्यातून पूर्वेकडे जाणारे हे पाणी अशा रीतीने कोकणात उतरते.

विजेची मागणी वाढली की टर्बाइनांतून जास्त पाणी सुटते आणि पाऊस नसतानाही पात्र चढते. मागणी घटली की खडक उघडे पडतात. याच पाण्यावर कर्जतमध्ये राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात पिकतो. पाताळगंगेतून रसायनीच्या कारखान्यांना पाणी मिळते, तर पेजचे पाणी उल्हास नदीमार्गे खालच्या शहरांपर्यंत पोहोचते. म्हणून या नद्यांची पातळी केवळ पर्जन्यमानावरून ठरवणे चुकीचे ठरते. पात्रात उतरणाऱ्यांच्या जिवासाठी विसर्गाची आगाऊ सूचना अत्यावश्यक आहे.