जिंकल्यावर कोच जातो

मार्च 2022 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स या छोट्या जेझुइट विद्यापीठानं बास्केटबॉलच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत बलाढ्य केंटकीला जादा वेळेत 85-79 असं हरवलं. त्या रात्री समोरासमोर उभ्या असलेल्या दोन कोचच्या पगारांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. केंटकीच्या जॉन कॅलिपारींना वर्षाला 80 लाख डॉलरहून अधिक मिळत, सेंट पीटर्सच्या शाहीन हॉलोवेंना तीन लाखांहून कमी. पुढे मरे स्टेट हरलं, पर्ड्यू हरलं आणि पंधरावं मानांकन असलेला संघ पहिल्यांदाच शेवटच्या आठांत पोचला. तिथं नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना 69-49 असं रोखलं. त्यानंतर तीनच दिवसांनी हॉलोवे सीटन हॉलचे कोच झाले.

सीटन हॉल हे त्यांचं स्वतःचं कॉलेज, तेही त्याच राज्यातलं. त्यांना दोष कोण देणार? पण ती जागा रिकामी कशी झाली, ते बघायला हवं. तिथले केविन विलर्ड मेरीलँडला गेले होते. हॉलोवेंच्या जागी सेंट पीटर्सनं वॅग्नर कॉलेजचे बशीर मेसन आणले, मग वॅग्नर शोधाला लागलं. मेरीलँडच्या एका जागेपायी आणखी तीन कॉलेजांचे कोच बदलले. खेळाडूही पांगले. के. सी. एन्डेफो हॉलोवेंच्या मागोमाग सीटन हॉलला गेला, मिशीमुळे देशभर ओळखीचा झालेला डग एडर्ट ब्रायंटला आणि डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला.

कोचची नोकरी मुळात अशी नव्हती. खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले ते व्यायाम शिकवायला आणि प्रार्थनासभा सांभाळायला. संघ हे जोडकाम होतं. 55 विजय आणि 60 पराभव हा त्यांचा हिशोब. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले कॅन्ससचे ते एकमेव कोच, तरी विद्यापीठात त्यांचा मान कायम राहिला.

चित्र पालटलं ते टीव्हीच्या पैशानं. 1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेली ही राष्ट्रीय स्पर्धा 1985 मध्ये 64 संघांची झाली. 1991 पासून सीबीएस वाहिनीचा सात वर्षांचा शंभर कोटी डॉलरचा करार लागू झाला, आणि त्यातून स्पर्धेतल्या कामगिरीनुसार पैसे वाटण्याची पद्धत आली. संघानं अंतिम लढतीआधी खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे एक वाटा जमा होतो. 2022 मध्ये असा एक वाटा सहा वर्षांत मिळून सुमारे वीस लाख डॉलरचा होता. मात्र तो कॉलेजच्या नव्हे, त्याच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या हाती पडतो. सेंट पीटर्सनं चार वाटे कमावले, पण ती कमाई गटाची ठरली. कोचला थांबवायला पैसे आज लागतात, आणि हे येतात सहा वर्षांच्या हप्त्यांनी.

छोट्या कॉलेजांचा दुसरा मिळकतीचा मार्ग याहून क्लेशदायक आहे. हंगामाच्या सुरुवातीला ती मोठ्या विद्यापीठांच्या मैदानावर जाऊन खेळतात आणि त्याबद्दल हजारो डॉलरचं मानधन घेतात. बहुतेकदा हरतात. चेक क्रीडा विभागाला मिळतो, पराभव मात्र कोचच्या नावावर चढतो. आणि पुढे त्याच आकड्यांवरून त्याला काढलं जातं. हा सरळसरळ अन्याय आहे.

काहींनी वाट काढली. रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थमधून जेफ केपल, अँथनी ग्रँट, शाका स्मार्ट, विल वेड, माइक ऱ्होड्स आणि रायन ओडम असे सहा कोच ओळीनं मोठ्या विद्यापीठांत गेले, तरी तिथला खेळ ढासळला नाही. स्मार्ट यांच्या करारात तर अट होती की त्यांना नेणाऱ्या विद्यापीठानं या संघाशी दोन सामने खेळावेत, एक आपल्या मैदानावर आणि एक रिचमंडला. गोंझागाचं उदाहरण उलटं. 1999 मध्ये डॅन मॉन्सन मिनेसोटाला गेल्यावर त्यांचे सहायक मार्क फ्यू कोच झाले आणि तिथंच राहिले. 2004 मध्ये नवं क्रीडागृह उभं राहिलं, 2017 आणि 2021 मध्ये संघ अंतिम सामन्यात पोचला. डेव्हिडसनमध्ये बॉब मॅकिलॉप 33 वर्षं टिकले. स्टीफन करी त्यांच्याच हाताखाली घडला.

मोठ्या जागेवर गेलेला कोच तिथं स्थिरावतोच असंही नाही. 2023 मध्ये सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला 63-58 असं हरवलं, आणि चार दिवसांत कोच टोबिन अँडरसन आयोनाला गेले. दोन हंगामांनंतर आयोनानं त्यांना काढलं.

कोचच्या पगारापाठोपाठ खेळाडूंच्या मोबदल्याचाही प्रश्न आला. जून 2025 मध्ये त्याबाबतच्या न्यायालयीन तडजोडीला मंजुरी मिळाली आणि विद्यापीठांना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. तडजोड मंजूर होण्याआधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सेंट फ्रान्सिसनं राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्यानंतर काही दिवसांतच तिसऱ्या श्रेणीत जाण्याचं जाहीर केलं होतं. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. त्यांचे कोच रॉब क्रिमेल यांनी त्याच महिन्यात निवृत्ती घेतली.