शाळेत डोक्यात उवा सापडल्या, तर मुलाला घरी पाठवायचं का?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. परिपाठाच्या वेळी नखं, गणवेश, केस तपासले जातात आणि एखाद्या मुलीच्या वेणीत लिखा दिसतात. मग कुणी तिला वेगळं बसवतं, तर कुणी 'डोकं साफ करूनच ये' असं सांगून घरी पाठवतं. रत्नागिरीतल्या वाडीवस्तीवरच्या शाळेपासून मुंबईतल्या शाळेपर्यंत हे कुठेही घडू शकतं. पण यामुळे उवा थांबतात का?

उवा पसरतात कशा?

ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती फक्त चालते. त्यामुळे डोक्याला डोकं लागलं की ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. बस्करपट्टीवर खेटून बसणं, एका मोबाइलमध्ये तिघांनी डोकावणं एवढं त्यासाठी पुरतं. कंगवा, टोपी किंवा टॉवेलमधूनही त्या येऊ शकतात, पण असं कमी वेळा होतं.

उवा शाळेतूनच येतात असंही नाही. कोकणात मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, सगळी भावंडं एका रांगेत झोपतात. तिथेही उवांची देवाणघेवाण होते.

केस अस्वच्छ असले की उवा होतात का?

नाही. रोज न्हाणाऱ्या मुलांनाही उवा होतात. पावसाळ्यात केस ओले राहिल्यामुळे उवा 'तयार' होतात, हाही गैरसमज आहे. ऊ दुसऱ्याच्या डोक्यातूनच येते. डोक्यातल्या उवांमुळे खाज येते, झोपमोड होते, खाजवून जखमा होतात. मात्र त्या कुठला आजार पसरवत नाहीत.

घरी पाठवणं उपयोगाचं का नाही?

पहिल्यांदाच उवा झाल्या असतील, तर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. म्हणजे उवा दिसल्या त्या दिवसाआधी कित्येक दिवस ते मूल वर्गातच होतं. त्या दिवशी घरी पाठवून फक्त अभ्यास बुडतो. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, दोघांचाही सल्ला मुलांची शाळा बुडवू नये असाच आहे.

दुसरं नुकसान लाजेचं. चारचौघांत नाव घेतलं की पुढच्या वेळी मूल खाज लपवतं आणि उवा आणखी पसरतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. वर्गासमोर अपमान करणं किंवा शिक्षा म्हणून केस कापणं याला शाळेत जागा नाही.

सरकारी तपासणीत उवा बघतात का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं फिरतं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतं. आजारांच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब आहेत, उवांचा वेगळा उल्लेख नाही. शिवाय लिखेतून ऊ साधारण 7 ते 10 दिवसांत बाहेर येते. त्यामुळे वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीच्या भरवशावर राहता येत नाही.

मग शाळेने काय करावं?

- त्या मुलाच्या पालकांना एकट्यात सांगावं. मुलाला दिवसभर वर्गात बसू द्यावं.
- वर्गातल्या सगळ्याच पालकांना, कुणाचंही नाव न घेता, घरी डोकं तपासायला सांगावं.
- उवा सापडलेल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी उपचार सुरू करावेत. एक घर राहिलं की उवा परत येतात.
- वर्गात कीटकनाशक फवारू नये. डोक्याबाहेर ऊ साधारण एक-दोन दिवसच जगते.

घरी काय करावं?

ओल्या केसांना भरपूर कंडिशनर किंवा तेल लावून, केसांचे छोटे भाग करून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावं. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे हे करावं. परमेथ्रिन 1 टक्का असलेलं औषध वापरायचं असेल, तर डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं. औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून साधारण 9 दिवसांनी ते पुन्हा लावावं लागतं. बरेच जण ही दुसरी वेळ विसरतात आणि 'औषध लागू पडलं नाही' असं म्हणतात. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासावीत. उशीचे अभ्रे, चादरी आणि फण्या गरम पाण्यात धुवाव्यात.

काय अजिबात लावू नये?

रॉकेल लावू नये, ते पेट घेतं आणि त्वचा भाजते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. आंब्यावर किंवा भातावर फवारायचं औषध डोक्याला लावणं तर जिवावर बेतू शकतं.

उवा दोन-तीन आठवड्यांत जातात. वर्गासमोर झालेला अपमान मात्र मूल लवकर विसरत नाही.