इंदूर पद्धत आणि यशवंत वाड

शेतकी पुस्तकांत कंपोस्टची 'इंदूर पद्धत' असतेच. फळबागा, भाजीचे वाफे करणारे ती आजही वापरतात. श्रेय मात्र एकट्या सर अल्बर्ट हॉवर्डना. हे मला पटत नाही. १९३१ च्या मूळ इंग्रजी पुस्तकावर नावं दोन आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे इंदूरच्या शेतकी संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक.

अडचण शेणाची होती. निम्मंअधिक गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. म्हणून थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायचा. खड्डा ३० फूट लांब, १४ रुंद, खोल फक्त २ फूट. जास्त खोल केला की तळाला हवा पोचत नाही. त्यात बैलांखाली अंथरलेला पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती, राख, पाणी. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या फार कडक, त्या आधी रस्त्यावर पसरायच्या. गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मोडतात! (माझ्यातल्या इंजिनिअरला हे फार आवडलं.) तीनदा उलथापालथ, तीन महिन्यांत खत.

पण नत्र किती टिकला, किती उडाला, हा हिशेब रसायनज्ञाचाच. हॉवर्डनी वाडांचं नाव आपल्याशेजारी छापलं होतं; गाळलं ते नंतरच्यांनी.