पाणबुड्यांची जुनी घड्याळे (संग्रह)

पाणबुड्यांची जुनी घड्याळे : सागरतळाशी उतरणाऱ्या पाणबुड्यांस पाण्याखालील वेळेचा हिशेब अचूक ठेवता यावा, या हेतूने विसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेली जलरोधक मनगटी घड्याळे आणि त्यांच्या संग्रहाचा छंद. फ्रेंच नौदलातील पाणबुड्या सैनिकांच्या गरजेतून १९५३ साली निर्माण झालेले ब्लांपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’ व त्याच सुमाराचे रोलेक्सचे ‘सबमरीनर’ ही या वर्गातील अग्रणी होत.

काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची मूळखूण बुडी मारतेवेळी मिनिटकाट्यासमोर आणली, की सरलेली मिनिटे दृष्टिक्षेपात कळतात. काळी तबकडी, ठळक खुणा आणि त्यांवरील रेडियमचा, पुढे ट्रिशियमचा लेप ही सर्व गढूळ अंधाराची तरतूद होय. प्रत्येक अंग गरजेतून उपजलेले असल्यामुळे आलेला हा निःशंक नेटकेपणाच संग्राहकास मोह पाडतो.

भारताशी १८६५ पासून व्यापारसंबंध असलेल्या स्विस फेव्हर-ल्युबा कंपनीने १९६८ साली ‘बॅथी’ हे खोली दर्शविणारे यांत्रिक घड्याळ काढले. त्याच्या पाठीमागून शिरणारे पाणी लवचिक पडद्यास दाबते व त्या दाबाने स्वतंत्र काटा ५० मीटरपर्यंतची खोली दाखवितो.

संग्राहकाची खरी कसोटी अस्सलतेची. निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून, तबकडी नव्याने रंगवून विकलेल्या जिनसांना संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तबकडीवरील लेप सायीसारखा पिवळसर आणि काट्यांवरील मात्र पांढराशुभ्र असेल, अथवा भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगीर दिसतील, तर फेरफाराचा संशय घ्यावा. बंद पडू पाहणारे घड्याळ चालते ठेवणाऱ्या कारागिराचे कसब आदरणीयच आहे. तथापि असा जिन्नस मूळ म्हणून खपविणे ही लबाडी होय.

कालांतराने रबरी कडी कडक होऊन जलरोधकता नाहीशी होते, म्हणून जुने घड्याळ पाण्यात नेऊ नये. रेडियमची धूळ अपायकारक असल्याने ते घरी उघडूही नये. बदललेल्या भागांची व दुरुस्तीची नोंद घड्याळासोबत जतन करावी, कारण पुढील धन्यास त्याची खरी हकीकत कळणे हाच या छंदाचा प्रामाणिक वारसा होय.