कोर्लईची जीभ

परदेशी जाऊन आलेल्या माणसाशी निदान महिनाभर वाद घालू नये, हे मी बँकेतल्या तेवीस वर्षांत शिकलो. आमचे हेडकॅशियर मुलाकडे विलायतेला राहून आले आणि येताना वेल्समधलं समुद्रकाठचं एक खेडं डोक्यात घेऊन आले. गाव एवढंसं, पण स्टेशनाच्या नावात म्हणे ५८ अक्षरं! सुरुवात ‘लानफेअर’ अशी काहीतरी होते आणि पुढचं वाचेपर्यंत गाडी सुटते. हे लांबलचक नाव मुळातलं नव्हेच. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांनी तिथे उतरावं म्हणून मुद्दाम ओढूनताणून वाढवलेलं. प्रवासी अजून उतरताहेत आणि पाटीखाली उभं राहून फोटो काढताहेत. त्या फोटोंपैकी अकरा मी नोटा मोजता मोजता पाहिले.

“पण खरी गंमत भाषेची,” हेडकॅशियर सांगत होते. “इंग्रज शेजारी असूनसुद्धा वेल्श टिकली हो! शाळेत वेल्श बोललं की पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे, तरी टिकली. आपल्याकडे आहे असं काही?”

आता हा प्रश्न गिरगावात जन्मलेल्या माणसाला विचारायचा नसतो. म्हटलं, “साहेब, येत्या दुसऱ्या शनिवारी मोकळे आहात का? कोर्लईला जाऊ.”

कोर्लई हे नाव कसं, तीन अक्षरांत संपतं. गेटवेवरून मांडव्याची बोट, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस, मग एस.टी.नं चौल, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल आणि पलीकडे साळाव. साळावला बहुतेक मंडळी बिर्लांच्या गणपतीला उतरतात आणि तिथूनच परत फिरतात. देवाच्या पुढे पाच-सहा किलोमीटरवर इतिहास आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितलं तरी जेवणाची वेळ झालेली असते.

या चौलाला आपण आज ‘अलिबागजवळचं’ म्हणतो. पण मुंबई नावाची सात बेटं अजून चिखलात पाय सोडून बसली होती, तेव्हा चौल हे मोठं बंदर होतं. टॉलेमीला ते ‘सिमुल्ला’ म्हणून माहीत, अरबांना ‘सैमूर’ म्हणून. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला. वास्को द गामाच्या आधी जवळजवळ तीस वर्षं! पण गामाला पाठ्यपुस्तक मिळालं आणि निकितिनला रेवदंड्यात एक स्मारक. जाहिरात खातं कुणाचं बरं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

पोर्तुगीजांची चौलशी पहिली मोठी गाठ पडली ती मार खाऊन. १५०८ साली इजिप्तच्या आरमाराशी इथे लढाई झाली आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा तीत ठार झाला. बापानं पुढल्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला घातला. समोरच, खाडीच्या मुखाशी, समुद्रात घुसलेलं कोर्लईचं डोंगराचं नाक होतं. निजामशाहीनं त्यावर तटबंदी केली. म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली बाल्कनी काढावी तसं. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती बाल्कनीच जिंकली. असं सांगतात, की पळणाऱ्यांना दरवाजा लावता आला नाही, कारण मध्ये हत्ती मरून पडला होता. तपशील खरा-खोटा देव जाणे, पण दार अडवणारा हत्ती मी रोज नऊ-बाराच्या विरार लोकलला पाहतो, त्यामुळे मला तो पटतो.

किल्ला अजून आहे. लांबट, अरुंद, डोंगराच्या कण्यावर ताणून बसवलेला. तीन बाजूंना पाणी, पायथ्याशी दीपगृह. चढ असा, की हेडकॅशियरांनी वाटेत वेल्सचं नाव तीनदा घेतलं आणि चौथ्यांदा देवाचं.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहानं चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले. तोफा राहिल्या, चर्चच्या भिंती राहिल्या. आणि कोर्लई गावात त्यांची भाषा राहिली.

हे मी कॅशियरांना सांगितलं, तेव्हा ते वाटेतल्या दगडावर बसलेच. तिथले ख्रिस्ती लोक, हजाराच्या आतबाहेर असतील, आजही घरात पोर्तुगीजांतून निघालेली बोली बोलतात. तिला ते म्हणतात ‘नो लिंग’, म्हणजे आमची जीभ, आमची भाषा. पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बाया यांच्या संसारातून, बाटलेल्या गोरगरिबांच्या तोंडून ती जन्मली. राज्य सव्वादोनशे वर्षांचं, ते संपूनही पावणेतीनशेच्या वर वर्षं लोटली, बोली चालूच! ना शाळा, ना सरकार, ना कसला दर्जा. आपल्या मराठीला अभिजात दर्जा मिळायला २०२४ साल उजाडलं. या बोलीला साधा अर्ज करायलाही ऑफिस नाही. जातधर्मानं शेजाऱ्यांपासून वेगळं पाडलं, त्या वेगळेपणातच ती तगली. पण कोकणात राहून कोकणी हवा लागायचीच. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञानं तिच्यावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. माणसं लिस्बनची, रांगेची शिस्त रायगडची.

उलट्या दिशेचा हिशेब तर आपण मांडतच नाही. पगार पोर्तुगीज, तिजोरीची चावी पोर्तुगीज, कर्ज थकलं की होणारा लिलाव पोर्तुगीज. हे तीन शब्द काढून घेतले तर आमची बँक बंद पडेल. घरी साबण, बादली, घमेलं. दादर स्टेशनाबाहेरचा वडापाव हा मराठी अस्मितेचा मानबिंदू. त्यातला बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, मिरचीसुद्धा त्यांनीच आणलेली. बेसन तेवढं आपलं! हापूसच्या मुळाशीही एक आफोंसो आहे, पण हे मे महिन्यात देवगडला बोलू नये.

गावात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. माउंट कार्मेलच्या चर्चजवळच्या गल्लीत जाळी वाळत होती. एक आजीबाई आम्हांला मराठीत म्हणाल्या, “पाणी हवं का?” आणि वळून अंगणातल्या नातवाला ‘नो लिंग’मध्ये काहीतरी ओरडल्या. लय कोकणी, शब्द एकही कळला नाही. नातू मोबाइलवरून मान न काढता म्हणाला, “आलो गं, थांब ना!”

मराठीत.

आजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. पोरं मराठी शाळेत जातात, मास मराठीत होतो, नोकरी अलिबागला नाहीतर मुंबईला. कुणी गळ्यात लाकडी पट्टी अडकवली नाही की छडी मारली नाही. मी म्हटलं, “आजी, याला येते ना तुमची भाषा?” त्या म्हणाल्या, “कळतं सगळं. बोलायला लाजतो.”

हेडकॅशियरांनी फोन खिशातून काढला होता, फोटोसाठी. तो त्यांनी परत ठेवला. विलायतेतला त्यांचा नातू रविवारी त्यांच्याशी व्हिडिओवर कुठल्या भाषेत बोलतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी विषय काढला नाही. पाणी प्यालो. साळावची गाडी साडेपाचला होती आणि ती चुकली असती तर शेवटची बोटही गेली असती.