कंकनाडीची औषधशाळा

मंगळूरच्या कंकनाडी भागात फादर म्युलर यांच्या नावाने आज मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. त्याचा उगम एका शिक्षकाच्या औषधपेटीत आहे. म्हणून शाळेच्या स्मरणिकेत त्याची हकीकत अस्थानी ठरू नये.

ऑगस्टस म्युलर यांचा जन्म १८४१ साली जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात झाला. हे जेझुइट धर्मगुरू १८७८ च्या अखेरीस मंगळुरास आले व नव्या सेंट अलोयशियस महाविद्यालयात शिकवू लागले. आरंभी ते विद्यार्थ्यांनाच होमिओपॅथीची औषधे देत, असे सांगतात. बाहेरचे गोरगरीबही येऊ लागले, तेव्हा १८८० साली त्यांनी कंकनाडीस वडाच्या झाडाखाली गरिबांसाठी दवाखाना मांडला.

या औषधांची कृती चिकाटीची असते. मूळ अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंब मद्यार्कात घालून जोराने हलवायचा. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवांत. असे तीस-तीस वेळा. मग त्यात दुग्धशर्करेच्या गोळ्या भिजवायच्या. इतक्या विरलतेत मूळ द्रव्याचा कणही उरत नाही, हा आधुनिक रसायनशास्त्राचा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. बोलोन्याचे काउंट मात्तेई यांच्या ज्या औषधांचा म्युलर यांनी हिंदुस्थानात प्रसार केला, त्यांचे घटक तर गुप्तच ठेवलेले होते. येथे त्यांच्या श्रद्धेची बाजू घेणे मला शक्य नाही.

त्यांच्या व्यवहारबुद्धीचे मात्र कौतुक वाटते. मंगळुरास रेल्वे आली ती १९०७ साली. तोवर बाहेरगावी माल धाडणे सोपे नव्हते. पण गोळ्यांच्या इवल्याशा कुपीला वजन ते किती! टपालाने ही औषधे देशभर जाऊ लागली. दूरच्या गिऱ्हाईकाने मोजलेल्या पैशांतून दारच्या निर्धनाला उपचार मिळाले. १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला, १९०२ साली प्लेगचे रुग्णालय. कुष्ठरोग्याला घरचेही दाराबाहेर काढीत, त्या काळात त्याच्या जखमा धुऊन बांधणारे, त्याला अंथरूण व अन्न देणारे कोणी असणे, हे कोणत्याही गोळीहून मोठे औषध होते.

१ नोव्हेंबर १९१० रोजी फादर म्युलर निवर्तले. रुग्णालयात पुढे आधुनिक वैद्यक आले. होमिओपॅथीची औषधे बनवणारा विभागही त्याच संस्थेत अद्याप चालू आहे.