ज्योत्स्ना : तत्समातील प्राकृत

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे मानले जाते. (हा मान द्वारकेजवळचे नागेश्वर आणि हिमालयातील जागेश्वर यांनाही दिला जातो, तो वाद येथे प्रस्तुत नाही.) या संज्ञेतील 'ज्योतिस्' निखळ संस्कृत समजला जातो. चांदण्याचा वाचक 'ज्योत्स्ना' हा त्याचाच अपत्यशब्द. तत्सम तेवढे मूळ आणि तद्भव म्हणजे त्याची झीज, हे मराठी समीक्षेत रुळलेले समीकरण या दोन शब्दांपाशी अडखळते.

'ज्योत्स्ना' हे रूप पाणिनीलाही नियमात बसवता आले नाही. अष्टाध्यायीच्या ५.२.११४ या सूत्रात त्याने ते सिद्धरूप म्हणूनच नोंदवले, आणि गंमत अशी की शेजारी बसवली ती 'तमिस्रा', काळोखी रात्र. 'ज्योतिस्'मधील इकार लोपून 'न' हा प्रत्यय लागला, असे वृत्तिकार सांगतात. अर्थ : जिच्यात ज्योती आहे ती.

खरी अडचण त्याही मागे आहे. 'ज्योतिस्' आला 'द्युत्' या धातूपासून. मग 'द्'चा 'ज्' झाला कसा? उणादिसूत्रे येथे सरळ आदेश सांगून मोकळी होतात. भाषेतिहासाचे उत्तर निराळे आहे. 'अद्य'चे 'अज्ज' आणि मग 'आज', 'विद्युत्'चे 'विज्जु' आणि मग 'वीज' ज्या वळणाने झाले, तेच हे वळण. 'द्युति' जुन्या उच्चारात राहिली, 'ज्योति' लोकांच्या तोंडून आली. आणि ती आली तीही थेट ऋग्वेदात. ज्योतिर्लिंगाच्या नावातच, म्हणजे, बोलीचा उच्चार प्रतिष्ठित झालेला आहे.

पुढे 'ज्योत्स्ना'ची प्राकृतात 'जोण्हा' झाली. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'स्न'चा 'ण्ह' सांगताना हे उदाहरण दिले आहे. त्याच नियमाने 'स्नान'चे 'न्हाण' झाले व ते मराठीत टिकले. 'जोण्हा' मात्र रोजच्या मराठीत उरली नाही. असमियात 'जोनाक', ब्रज-अवधीत 'जुन्हाई' नांदते. मराठीने 'चंद्र'पासूनचे 'चांदणे' पत्करले, आणि 'चांदणी' तर तारकेलाच देऊन टाकली. कयाधूकाठच्या नरसीचे नामदेव ज्या मराठीत अभंग रचत होते, तिच्यात हे 'चांदणे' रुळलेले होते.

आधुनिक काळात 'ज्योत्स्ना' मुलीचे नाव होऊन मराठी घरांत परतली. बोलणाऱ्यांनी तिच्यातला 'त्' गाळला; हाक ऐकू येते ती 'ज्योस्ना' अशी.